रातच्या घिरट्यांचा मालक कोण?



२०२४ च्या पावसाळ्यात पुणे, बीड, जालन्याकडच्या गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालू लागले. कुणी म्हणाले चोरांची टेहळणी, कुणी म्हणाले सर्वेक्षण. दिवसभर निंदणी करून थकलेली माणसे काठ्या घेऊन रात्र जागली. वरून सल्ला मिळाला, अफवा पसरवू नका. डोक्यावरचा दिवा काय अफवा होती?

२०२१ च्या नियमांत प्रत्येक ड्रोनला नोंदणी क्रमांक आहे, मोडणाऱ्याला एक लाखापर्यंत दंड आहे. पण तो क्रमांक अंधारात, तीनशे फुटांवर वाचायचा कुणी? आणि गंमत पाहा. कपाशीवर फवारणीचा ड्रोन उडवायचा तर पायलटचे प्रमाणपत्र लागते. हौशी माणसाच्या दोन किलोपर्यंतच्या खेळण्याला ते लागत नाही. कष्टकऱ्याला कागद, रिकामटेकड्याला आभाळ मोकळे!

फवारणीचे यंत्र आपल्याला हवेच. (२०१७ साली यवतमाळात फवारताना विषबाधेने माणसे गेली, ती आपलीच होती.) तेव्हा सरसकट बंदी नको. सर्वेक्षणाची खबर आधी ग्रामपंचायतीला द्या आणि चोरून उडवणाऱ्याला शोधा, एवढेच मागणे.

येत्या ग्रामसभेत तसा ठराव घ्या. एक प्रत ठाण्यात, एक तहसीलदाराकडे, पोच घेऊन. आणि अनोळखी वाटसरूवर हात टाकू नका. गुन्हा आपल्यावर दाखल होतो, ड्रोनवाला घरी निवांत झोपतो.