मार्चअखेरचा चुना

वारसा जतनाच्या निधीला कात्री लागली अशी बातमी आली की आपल्या वर्तुळात दोन दिवस हळहळ होते, एखादे निवेदन निघते. कधी ती कात्री अगदी उघड असते. ४ मे २०२० रोजी राज्याच्या वित्त विभागाने त्या वर्षीच्या तरतुदींपैकी ३३ टक्केच निधी मिळेल आणि नवी कामे हाती घेऊ नयेत, असे सर्व विभागांना कळवले. साथीचे दिवस होते. आरोग्य आणि अन्नपुरवठा आधी, यावर वाद नव्हता. अशा कपातीची निदान नोंद तरी राहते. या वेळी लिहायचे आहे ते जिला कुणी कपात म्हणतच नाही तिच्याबद्दल.

आपल्या कामाचा हंगाम ठरलेला आहे. पाऊस उघडतो, दिवाळी होते, गवत वाळते, गडावर माल चढवता येतो. तिथून वळवापर्यंतचे महिने काय ते आपले. चुना विझवून मुरवायला आठवडे लागतात. चुन्याच्या घाणीतून काढून दगडांमधल्या दर्जांत भरला की तो हवा खात सावकाश घट्ट होतो, आणि तोवर ओल्या गोणपाटाखाली राखावा लागतो. गडावर ते पाणीही टाक्यातून वाहून आणायचे. आता कागदाचा हंगाम पाहा. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश या वाटेने पैसा मोकळा होईतो फेब्रुवारी उजाडतो, आणि ३१ मार्चपर्यंत खर्ची पडला नाही तर समर्पित करावा लागतो. पाच-सहा आठवड्यांत मोजमाप पुस्तिका भरायची म्हटल्यावर ठेकेदार काय करणार? दर्जांत सिमेंट जाते, वरून चुन्याचा हात फिरतो. पावसाळ्यात आत शिरलेल्या पाण्याला मग बाहेर पडायला वाट राहत नाही. ओल भिंतीच्या पोटात साठते, भराव धुपतो, भिंत फुगते. कोकणात जांभ्याच्या बांधकामात तर सिमेंटची दर्ज शाबूत राहते आणि चिरा झिजून आत जातो. तरतूद पूर्ण, खर्च शंभर टक्के, आणि वास्तू आधीपेक्षा वाईट अवस्थेत. उशिरा आलेल्या पैशापेक्षा न आलेला पैसा बरा, असे म्हणण्याची वेळ यावी हे विचित्र आहे, पण काही गडांवर ती आली आहे.

दुसरी कपात कराची. सरकारसाठी केलेल्या ऐतिहासिक स्मारकांच्या कामांच्या कंत्राटावरचा वस्तू व सेवा कर १८ जुलै २०२२ पासून १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. कर धरून एक कोटीची मान्यता असेल, तर ढोबळ हिशेबाने साडेचार लाखांचे काम तिथेच कमी झाले. अर्थसंकल्पातला आकडा तसूभरही हलला नाही.

हे दुखणे आपल्याकडेच आहे असेही नाही. ब्रिटनमध्ये नवे घर बांधले तर मूल्यवर्धित कर शून्य आणि जुनी इमारत दुरुस्त केली तर २० टक्के! म्हणून सूचीबद्ध प्रार्थनास्थळांना दुरुस्तीवरचा कर परत देणारी योजना तिथे २००१ मध्ये आली. एप्रिल २०२५ पासून तिच्यावर मर्यादा आली: एका वास्तूला वर्षाला फार तर २५ हजार पौंड. त्या वर्षी दहा लाख पौंडांचे छप्पर हाती घेतलेल्या चर्चला कर बसे दोन लाख. बाकीचे पावणेदोन लाख गावाने उभे करायचे होते. काम अर्ध्यावर असताना नियम बदलला, हे त्यातले सर्वात वाईट.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याच्या अखत्यारीत आहेत. मानांकनासोबत युनेस्को पैसा देत नाही. जबाबदारी मात्र देते. पायाभूत सुविधा, रोषणाई, प्रवेशद्वारे यांसाठी पैसा निघेल की नाही याची आम्हाला फारशी चिंता नाही, त्यांचे उद्घाटन होते. चिंता आहे ती देखभालीची. तटातून डोकावणारे पिंपळाचे रोप दर भाद्रपदात हाताने उपटायला दोन माणसे आणि दोरखंड पुरतो. ते उपटले नाही तर काही वर्षांनी दगडांवर क्रमांक घालून अख्खा तट उतरवावा लागतो, आणि त्याला कोटीची निविदा निघते. आपले व्यावसायिक शुल्क कामाच्या रकमेच्या टक्केवारीवर असते, त्यामुळे आपल्यालाही त्या कोटीचेच अंदाजपत्रक करायला आवडते. हे कटू आहे, पण या पानावर नाही तर कुठे लिहायचे?

म्हणून व्यावसायिकांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. अंदाजपत्रकात पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीची स्वतंत्र बाब घाला. ती छाटली गेली तर ज्याने छाटली त्याच्या शेऱ्यानिशी छाटली जाऊ द्या. आणि चुन्याच्या कामाची मुदत हंगामावरून लिहा, आर्थिक वर्षावरून नको. फेब्रुवारीत आदेश आला तर त्या मार्चपर्यंत झाडे काढणे, चर मोकळे करणे, दगड घडवून ठेवणे, चुना विझवून कुंडात मुरत ठेवणे एवढेच बिलात येईल आणि दर्जा दिवाळीनंतर भरल्या जातील, असे लेखी द्या. अधिकारी नाराज होतील. काही जण मनातून सुटकेचा निःश्वासही टाकतील, कारण निधी परत गेल्याचा जाब त्यांनाच द्यावा लागतो.

आम्हाला मात्र तुमच्याकडून तीन तारखा हव्या आहेत: मान्यतेची, पैसा मोकळा झाल्याची आणि अंतिम बिलाची. मागच्या पाच वर्षांतल्या प्रत्येक कामाच्या पाठवा. स्मारकाचे, खात्याचे किंवा ठेकेदाराचे नाव नको. पुरेशा नोंदी जमल्या की त्यांचा तक्ता या मासिकात छापू आणि अर्थसंकल्पापूर्वी वित्त विभागाकडे नेऊ.