चार गावांचे एक शहर

सिंधुदुर्गात राहावे की मुंबई-पुणे गाठावे, याचा निर्णय बहुतेक घरांत बारावीच्या निकालाबरोबर होतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ निकालात वर्षानुवर्षे राज्यात पहिले येते, आणि पेढे संपायच्या आत पोराची बॅग भरलेली असते. २००१ मध्ये ८,६८,८२५ असलेली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८,४९,६५१ वर आली. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र सोळा टक्क्यांनी वाढला. हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया हा आकडा आपण अभिमानाने सांगतो, पण कमवायला बाहेर गेलेल्या पुरुषांमुळेही तो फुगला आहे. माझ्या मते दोष ना मुलांचा, ना गावांच्या लहानपणाचा. आपण आपल्या गावांकडे सुटे सुटे पाहतो, तिथे चुकते.

इथल्या राहणीचे फायदे खरे आहेत आणि ते मोजता येतात. कुडाळात किंवा सावंतवाडीत नोकरी करणारा माणूस दुपारी घरी येऊन गरम पेज किंवा माशाची कढी जेवू शकतो. मुंबईत तेवढा वेळ लोकलच्या दारात जातो. करमणुकीचा दुष्काळ आहे म्हणावे, तर कणकवलीत आचरेकर प्रतिष्ठानचा नाट्यमहोत्सव भरतो आणि जत्रांच्या हंगामात दशावतार रात्र जागवतो. तोटेही तितकेच खरे. ओरोसला २०२१ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तरी दुखणे गंभीर झाले की गाडी अजून गोव्यातील बांबोळीच्या इस्पितळाच्याच वाटेला लागते. गोव्याने जानेवारी २०१८ पासून परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले तेव्हा जिल्ह्यात आंदोलने उभी राहिली. आपले आरोग्य शेजारच्या राज्यावर किती विसंबून आहे, हे तेव्हा उघड झाले. विशेषज्ञ डॉक्टर, चांगली प्रयोगशाळा, तरुणांना पगार देणारे कार्यालय, या गोष्टी पंचवीस हजारांच्या आतल्या गावात टिकत नाहीत. सावंतवाडी त्याच मापाची आहे, मालवण तर त्याहून लहान.

पण नकाशा जरा जवळून पाहावा. चर्चगेट ते विरार साठ किलोमीटर आहे, आणि ते सगळे अंतर आपण एकाच महानगराचे धरतो. कणकवली ते सावंतवाडी त्याहून कमी. मधे कुडाळ, बाजूला मालवण. ही चारही गावे, मधले ओरोस आणि भोवतालच्या वाड्या एकत्र धरल्या तर एक मध्यम शहर तयारच आहे. त्याला जोड मात्र नाही. चौपदरी महामार्ग झाला, पण ज्याच्याकडे गाडी नाही त्याला तो नुसता पाहायला. दिवेलागणीनंतर कुडाळच्या स्टँडवर डबा पिशवीत घालून उभी असलेली बाई येणाऱ्या प्रत्येक एसटीची पाटी मान उंचावून वाचते. शेवटची गाडी चुकली तर रिक्षाला दिवसाची मजुरी द्यावी लागते. अशी बाई मालवणात राहून कुडाळची नोकरी किती दिवस करील?

लोकवस्ती विरळ आहे, संध्याकाळी गाड्या सोडल्या तर त्या तोट्यात जातील, असे म्हटले जाते. हिशोब एकट्या फेरीचा मांडला तर तसे दिसेलही, पण तो चारही गावांचा एकत्र मांडायला हवा. शिवाय मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे. सवलत दिली, पण संध्याकाळी गाडीच नसेल तर ती कशी वापरायची? रेल्वेचेही तेच. १९९८ पासून रूळ कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ, सावंतवाडी या स्थानकांतून जातात. पण वेळापत्रक मुंबई आणि गोव्याच्या सोयीचे, कणकवलीहून कुडाळला कामावर जाणाऱ्याच्या सोयीचे नाही. मार्ग एकेरी आहे ही अडचण खोटी नाही, पण सकाळ-संध्याकाळ एकेक शटल मागणे म्हणजे काही दुसरा रूळ मागणे नव्हे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: शहर म्हणून वाढलो तर डोंगर खणले जातील, वहाळ बुजतील, परक्यांच्या इमारती उठतील. ही भीती रास्त आहे. पण गावे जोडली म्हणजे ती एकमेकांत मिसळलीच पाहिजेत असे नाही. प्रत्येक गावात वेगळे इस्पितळ, वेगळे संकुल बांधण्यापेक्षा ओरोसच्या एका रुग्णालयात पुरेसे विशेषज्ञ नेमले आणि तिथवर रात्री नऊपर्यंत गाडी ठेवली, तर डोंगर कमीच खणावा लागेल. चारही गावांच्या नगराध्यक्षांनी एसटीच्या विभागीय अधिकाऱ्यांसमोर एकत्र बसून पहिली मागणी या संध्याकाळच्या गाड्यांची करावी.