लाजाळू लाजते का?

बालाघाटहून बैहरकडे जाणारा रस्ता घाट चढून वर आला, की दोन्ही अंगांना सालवृक्षांचे अरण्य सुरू होते. याच वाटेवर उकवा हे मँगनीजच्या खाणीचे गाव लागते. खाणीचा कारभार नागपूरहून चालतो, आणि १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होता. त्यामुळे मराठी बोलणे येथे कोणाला परके वाटत नाही. माझी लेक याच गावी नांदते. जावई खाणीत पाळीवर जातात, आणि आठ वर्षांची नात हिंदी शाळेत शिकून घरी मराठी बोलते. गेल्या श्रावणात मी तिच्याकडे पंधरा दिवस राहून आले. त्या मुक्कामात माझ्या हातून एक चूक घडली. ती निस्तरताना मीच पुष्कळ शिकले, म्हणून ती येथे सांगत आहे.

क्वार्टरच्या कुंपणाशी लाजाळू माजली होती. नातीचा सारा दिवस तिची पाने मिटवण्यात जाई. मी अळूची पाने चिरत बसले असता तिने विचारले, “आजी, छुईमुईला खरंच लाज वाटते का ग?” कामाच्या नादात मी म्हणाले, “हो तर! लाजते, आणि फार छळलंस तर रडतेसुद्धा.” झाले! रात्री पानात अळूवडी वाढली, तर पोरगी ती खाईना. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “तू चिरत होतीस तेव्हा त्याला दुखलं असेल. ते बोललं नाही इतकंच.”

मुलांच्या प्रश्नाला गोड उत्तर देणे सोपे असते. परंतु मूल ते उत्तर खरे मानून त्यावर पुढचा विचार रचते, हे आपण विसरतो. मी तिला जवळ घेऊन म्हटले, “मी नीट न पाहता सांगितलं. उद्यापासून आपण दोघी मिळून पाहू.”

दुसऱ्या दिवशी आम्ही लाजाळूपासूनच आरंभ केला. पान मिटते ते नेमके कोठून, हे तिला शोधायला सांगितले. देठाच्या बुडाशी असलेला फुगीर सांधा तिनेच दाखवला. या सांध्यातील पेशी पाण्याने टरारलेल्या असतात. स्पर्श होताच एका बाजूच्या पेशींतील पाणी झपाट्याने बाहेर पडते, ती बाजू ढिली होते आणि पान खाली पडते. पाण्याने भरलेली पिशवी रिकामी होताच लुळी पडते, तसेच हे. पुन्हा पाणी भरून पान उघडायला किती वेळ लागतो, हे तिने घड्याळ लावून पाहिले. पाव तासाच्या आत-बाहेर पाने पूर्ववत झाली.

स्पर्शाची वर्दी एका पानावरून दुसऱ्याकडे जाताना विद्युत्‌स्पंदने उमटतात, हे आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी स्वतः घडविलेल्या नाजूक उपकरणांनी दाखविले. वनस्पतीची वाढ दहा हजार पटींनी मोठी करून दाखविणारे त्यांचे क्रेस्कोग्राफ यंत्र प्रसिद्धच आहे. “बोसांनी झाडांना भावना असतात हे सिद्ध केले,” असे आपण घरोघरी सांगतो. त्यांनी यंत्रावर मोजला तो प्रतिसाद. वनस्पतीला मज्जातंतू नाहीत, मेंदू नाही. आपण जिला वेदना म्हणतो ती तिला होते असा पुरावा नाही. प्रतिसाद आणि भावना यांतील हा भेद आठ वर्षांच्या मुलीला कळेल का, अशी मला शंका होती. ती म्हणाली, “डोळ्यांत धूळ गेली की पापणी आपोआप मिटते, तसं?” दाखला अगदी तंतोतंत नव्हे, परंतु तिची वाट बरोबर होती.

दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू नये, झाड झोपते, असे आपल्या आज्या सांगत. त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते; चिंचेची पाने सायंकाळी मिटतात, लाजाळूचीही मिटतात. मग अंधार केला तर ती दिवसाही मिटतील काय? १७२९ साली द मेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने असेच एक रोप काळोखात ठेवले, तरी त्याची पाने सकाळी उघडत आणि सायंकाळी मिटत राहिली. म्हणजे वनस्पतीच्या अंगीच एक घड्याळ असते, आणि सूर्य ते रोज लावून देतो. नातीला हे फार आवडले.

यानंतर घरात आमची प्रयोगशाळाच थाटली गेली. एका वाटीत भिजवलेले गहू पेरले. कोंब बोटभर येताच काही कोंबांच्या टोकांवर चकचकीत चांदीच्या कागदाच्या इवल्या टोप्या घातल्या आणि वाटी एका बाजूने भोक पाडलेल्या खोक्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी उघडे कोंब भोकाकडे वाकले होते, टोपीवाले सरळ उभे होते. चार्लस डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोंबांवर असेच प्रयोग करून १८८० साली ग्रंथात नोंदविले. प्रकाश ओळखते ते टोक. वाकतो तो त्याच्या खालचा भाग. टोकाकडून उतरणारे वाढीचे द्रव्य सावलीच्या बाजूला अधिक जमते, ती बाजू अधिक लांबते आणि कोंब उजेडाकडे झुकतो. कोंब उजेडाला भुलून धावतो असे म्हणणे कवितेत शोभते. मुलाला मात्र आधी वाटी दाखवावी, कविता मागाहून.

दुसरी वाटी मटकीची. ती कपाटात ठेवली होती. चार दिवसांनी पाहतो तो लांबच लांब, फिकट पिवळे, लुकडे मोड! बियाण्यातील शिदोरी संपण्यापूर्वी उजेड गाठायचा, म्हणून रोप सगळी शक्ती उंचीवर खर्च करते. पाने पसरणे आणि हिरवेपणा आणणे उजेड मिळेपर्यंत लांबणीवर टाकते. हे सांगत असता नात एकाएकी गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “बाबा पण रोज अंधारात जातात. तेही असेच पिवळे पडतील?”

जावई नुकतेच पाळीवरून आले होते. ते हसले नाहीत. तिला मांडीवर घेऊन म्हणाले, “माझं जेवण तुझी आई डब्यात भरून देते. झाडाला मात्र आपलं जेवण स्वतःच रांधावं लागतं, आणि त्याची चूल उन्हाची. म्हणून त्याला अंधार सोसत नाही, मला सोसतो.” वनस्पतिशास्त्राचा इतका नेटका पाठ मी क्वचितच ऐकला असेल.

रविवारी आम्ही रानाच्या कडेने फिरलो. साग उन्हाळ्यात पाने टाकून पाण्याची बचत करतो. साल मात्र सहसा पूर्ण उघडा पडत नाही, जुनी पाने गळतात तोच नवी पालवी धरतो. सालाची पंखवाली फळे जूनमध्ये पावसाच्या तोंडाशी गळतात, कारण त्यांची रुजण्याची शक्ती थोडेच दिवस टिकते. झाडाला संकटापासून पळता येत नाही. म्हणून जागच्या जागी राहून स्वतःला बदलण्याच्या इतक्या तऱ्हा त्याच्यापाशी आहेत. परंतु त्यालाही मर्यादा आहेत. खाणीतून निघालेल्या दगडमातीच्या ढिगावर सहसा काही धरत नाही, कारण तेथे जिवंत माती नसते. नागपूर जिल्ह्यातील गुमगावच्या मँगनीज खाणीवर ‘नीरी’च्या शास्त्रज्ञांनी अशा ढिगात साखर कारखान्याचे प्रेसमड मिसळले, मुळांना साह्य करणारे जिवाणू आणि बुरशी दिली, तेव्हा तेथे झाडी उभी राहिली. झाड पुष्कळ सोसते. पण पायाखालची माती त्याला कोणी तरी द्यावी लागते.

लाजाळू मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील. आज ती आपल्या कुंपणाशी अशी रुजली आहे, की कोणी तिला परकी म्हणत नाही. परमुलखी पिढ्या काढलेल्या आपल्या कुटुंबांना हे निराळे सांगायला नको.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी पुन्हा अळूवडी केली. नातीने ती खाल्ली. मग अंगणात जाऊन लाजाळूपाशी बसली, पण हात लावला नाही. मी विचारले, “काय ग, अजून वाटतं का तिला दुखेल म्हणून?”

“नाही,” ती म्हणाली. “पण पान मिटलं की तिला ऊन कमी मिळतं. तिची चूल उगाच कशाला विझवायची?”

माझ्या गोड उत्तराने तिला रडविले होते. खऱ्या उत्तराने तिची माया तसूभरही कमी झाली नाही. वाचकांनी आपल्या मुलांसह गव्हाची आणि मटकीची वाटी या महिन्यात अवश्य लावून पाहावी. मुले काय विचारतात तेही ऐकावे, आणि उत्तर ठाऊक नसेल तर “चल, पाहू” एवढेच म्हणावे.