घरून काम, घराकडे पायी

2020 साली महामारीने सगळ्यांना घरी बसवलं, असं आपण आता सहज लिहून जातो. लिहिणारे बहुतेक माझ्यासारखे, काम लॅपटॉपवर चालणारे. हिंजवडीच्या आयटी पार्कजवळ नेऱ्यात मी राहतो. आमच्या क्षेत्रातले कित्येक जण तेव्हा लॅपटॉप घेऊन सांगली-लातूरला गेले, पगार चालू राहिला. तेही स्थलांतरच, पण त्याला 'वर्क फ्रॉम होम' हे सभ्य नाव मिळालं. आमच्या इमारतींचे स्लॅब ओतणाऱ्यांचं काम त्यांच्यासोबत गावी जाणार नव्हतं.

29 मार्चला केंद्रीय गृहमंत्रालयाचा आदेश निघाला: बंदच्या काळातली मजुरी पूर्ण द्या, महिनाभर खोलीचं भाडं मागू नका. पण ज्याचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही, त्याने तो कुणाला दाखवायचा? श्रमिक विशेष गाड्या सुरू व्हायला 1 मे उजाडला. 8 मेला करमाडजवळ रुळांवर झोपलेले मध्य प्रदेशचे 16 मजूर मालगाडीखाली मेले. ते जालन्याहून चालत निघाले होते.

'अचानक आलं, कुणाला माहीत होतं?' हा बचाव मला मान्य नाही. 1896 च्या प्लेगमध्येही मुंबईचे गिरणी कामगार गावी परतले होते. तेव्हा उरलेल्यांना टिकवायला मालकांना रोजची मजुरी रोज द्यावी लागली. साथ आली की मजूर घराकडे निघतो, हे आपल्याला सव्वाशे वर्षं ठाऊक आहे.

आणि कायदाही होता. 1979 च्या कायद्याने पाच किंवा अधिक परप्रांतीय मजूर आणणाऱ्या ठेकेदाराला नोंद ठेवणं, प्रवासभत्ता आणि विस्थापन भत्ता देणं बंधनकारक होतं. तरीही सप्टेंबर 2020 मध्ये सरकारने संसदेत सांगितलं, की परतताना किती मजूर मेले याची आकडेवारी नाही. त्याच महिन्यात संसदेने नवी कामगार संहिता मंजूर केली. तिच्या व्याख्येत स्वतःहून आलेला मजूरही आला, हे चांगलंच. पण पाचाचे दहा झाले आणि विस्थापन भत्ता गेला. एवढी पायपीट पाहून आपण काढलेला निष्कर्ष हा!

यादी करणं अवघड होतं, असं निदान आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना सांगू नका. कोण कुणाच्या जवळून गेलं हे टिपणारं आरोग्य सेतू टाळेबंदीच्या दुसऱ्याच आठवड्यात फोनवर आलं. असंघटित मजुरांसाठीचं ई-श्रम पोर्टल यायला ऑगस्ट 2021 उजाडला, आणि तिथेही नाव नोंदवायचं मजुरानेच.

म्हणून मागणी साधी आहे. नेऱ्यासारख्या गावात इमारतीला परवानगी देताना पार्किंगचा नकाशा तपासला जातो. त्याच फाइलीत मजुरांची यादी, त्यांच्या राहण्याची जागा आणि परतीच्या भाड्याची अनामत असल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये. पुढची साथ कधी येईल ते सांगता येत नाही. ती आल्यावर रस्त्याने कोण चालत जाईल, ते मात्र आजही सांगता येतं.