पाथरिया नंतर, आधी श्रोडर
स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स घरी बसून शिकायचं म्हटलं की जो तो पाथरियांचं नाव घेतो, कारण एम.एस्सी.ला तेच होतं. पुस्तक खणखणीत, पण अडलं तर विचारायला सर नसताना त्यात शिरणं म्हणजे पाठीला भोपळा न बांधता विहिरीत उडी. लांडाऊ-लिफ्शिट्झ तर विषय आधीच समजलेल्यांसाठी. (माझी प्रत तिसाव्या पानापुढे अजून नवीकोरी आहे.) मी डॅनियल श्रोडर यांच्या ‘थर्मल फिजिक्स’च्या बाजूचा. त्यात तीन-तीन आंदोलकांचे दोन घन पदार्थ ऊर्जेची सहा एककं वाटून घेतात. कागदावर मोजून बघा: एकूण रचना ४६२, निम्मी-निम्मी वाटणी १०० प्रकारे, आणि सगळी ऊर्जा डावीकडे फक्त २८ प्रकारे. चहा निवेपर्यंत हिशेब होतो, आणि चहा निवतो का तेही उमगायला लागतं. मग १९६५ सालचा रीफ. पाल्हाळिक आहे, पण एकट्यानं शिकणाऱ्याला थोडा पाल्हाळ लागतोच. पाथरिया त्यानंतर, दमदार गणितांसाठी. आणि दुकानात चाळताना प्रस्तावना वाचू नका, प्रकरणाशेवटची उदाहरणं बघा. एखादं तिथंच बिलामागे सोडवावंसं वाटलं, तर पैसे मोजा.