शिंकेसरशी जमणारे वैद्य

सर्दी झाली की माणसाला रुमाल हवा असतो. मिळतो काय? सल्ला! ऑफिसातले हिशेबनीस सुंठ सांगतात, शेजारच्या काकू गवती चहा, आणि लिफ्टमधले अनोळखी गृहस्थ दालचिनी-लवंग-मधाचं सर्वरोगहर चाटण. शेवटचं वाक्य मात्र सगळ्यांचं एकच: “घरगुती आहे हो, अपाय काही नाही!” माझं भांडण या वाक्याशी आहे, आल्याच्या चहाशी नाही.

चहा खुशाल प्या. गरम घोटाने घशाला बरं वाटतं, मिठाच्या गुळण्यांनी खवखव शमते, झोपताना चमचाभर मध घेतला तर मोठ्यांची आणि जाणत्या मुलांची ढास कमी होते. एवढं खरं आहे आणि एवढं पुरेसं आहे. पण एवढ्यावर थांबेल तो घरगुती धन्वंतरी कसला? त्याला विषाणूचं निर्दालन करायचं असतं. सर्दी करणारे विषाणू दोनशेच्या वर; त्यात एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून जास्त प्रकार. या सगळ्या फौजेचा बीमोड हे महाशय चार मिऱ्यांत करतात. सर्दी आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते. यांचा काढा पोटात जातो पाचव्या दिवशी, सातव्या दिवशी नाक मोकळं होतं आणि श्रेय काढ्याला! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, हा काकतालीय न्याय आपल्याच पूर्वजांनी सांगून ठेवलाय. पूर्वजांचा जप करणाऱ्या या मंडळींनी मात्र कावळ्याला शाल-श्रीफळ देऊन मोकळं व्हायचं ठरवलंय.

हळदीचा विषय निघाला की छाती फुगते. “अमेरिकेने पेटंट घेतलं होतं, आपल्या माशेलकरांनी हाणून पाडलं!” खरं आहे. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याचं पेटंट मिळालं, आणि डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने पुरावे पुढे ठेवून १९९७ मध्ये ते रद्द करवलं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण ती लढाई जखमेवरच्या हळदीची होती, आणि जिंकली ती ‘हा उपयोग नवा नाही’ या मुद्द्यावर. त्यात तुमच्या चोंदलेल्या नाकाचा संबंध कुठे आला? हळदीतलं कर्क्युमिन तर आतड्यातून रक्तात जेमतेम उतरतं.

विसंगती बघायची तर स्वयंपाकघरात चला. नातवाने पेरू उचलला की “कफ होईल” म्हणून हातातून काढून घ्यायचा, आणि तासाभराने त्याच नातवाला ‘क’ जीवनसत्त्वाची नारिंगी गोळी चघळायला द्यायची! शंभर ग्रॅम पेरूत हे जीवनसत्त्व सुमारे २०० मिलिग्रॅम असतं, संत्र्यात त्याच्या पाव. शिवाय सर्दी सुरू झाल्यावर गोळी घेऊन फारसं काही साधत नाही. “इंग्रजी औषधं फार उष्ण” असं म्हणणारे हेच आजोबा दुकानातून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक आणतात, ज्याचा विषाणूवर काडीचा परिणाम होत नाही. तीन गोळ्या खायच्या, उरलेलं पाकीट फ्रिजवर.

गुळवेलीचं प्रकरण आठवतं? करोनाच्या काळात ती प्रतिकारशक्तीच्या नावाने घरोघर उकळत होती. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालय म्हणालं, ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरीच वेल असावी. मान्य करू. मग मला सांगा, दोन वेली वेगळ्या ओळखू न येणाऱ्या माणसाने कुंपणावरून तोडून आणलेला काढा अपायकारक नाही, ही हमी कोणी दिली?

मोठ्यांनी स्वतःच्या पोटाशी काय ते प्रयोग करावेत. माझा संताप होतो तो तान्ह्या बाळांपाशी. बाळ सुरसुर करू लागलं की कोणीतरी नाकात कोमट तेलाचे थेंब सोडतं. ते तेल श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरतं आणि तिथे न्यूमोनिया होऊ शकतो. कोणी ओवा आणि लसणाच्या सालांची धुरी देतं. आधीच धाप लागलेल्या जिवाला धूर! कोणी मध चाटवतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम होऊ शकतो, स्नायू लुळे पडतात. कापराची वडी झबल्याला बांधतात. तो कापूर तोंडात गेला तर झटके येतात. आणि उकळत्या पातेल्याशेजारी रांगतं मूल बसवून वाफ देणाऱ्यांना काय म्हणावं? भाजलेली मुलं दवाखान्यात येतात ती याच पातेल्यामुळे. यातली प्रत्येक गोष्ट घरगुती आहे. प्रत्येक नैसर्गिक आहे.

चोंदलेल्या नाकासाठी मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे साधे थेंब मिळतात. दूध पाजण्याआधी दोन थेंब टाका. आणि आजीच्या अनुभवाचं खरोखर चीज करायचं असेल तर तिच्या हाती घड्याळ द्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यसेवकांना आणि सुईणींना बाळांमधला न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं. तिथले बालमृत्यू घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. सुईणींना जमलं ते तुमच्या घरात जमणार नाही? बाळ शांत असताना त्याचं पोट बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, छाती आत ओढली जात असली किंवा बाळाने दूध सोडलं, तर सुंठ उगाळत बसू नका. रिक्षा बोलवा आणि थेट दवाखाना गाठा.