जुन्या बंगल्याची पडवी

जबलपूर जिल्ह्यातील शहपुरा आणि विदर्भातील नागपूर यांच्या मध्ये सातपुड्याच्या रांगा पसरल्या आहेत. १८६१ मध्ये नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत स्थापन झाल्यावर हे दोन्ही मुलूख एका कारभाराखाली आले आणि तेथील अरण्यांत वन विश्रामगृहे, म्हणजे दौऱ्यावरील वनाधिकाऱ्यांच्या मुक्कामासाठीचे दोन-तीन खोल्यांचे बंगले, उभी राहिली. जाड भिंती, उंच कौलारू छप्पर, ऊन-पाऊस अडवणारी पडवी आणि धूर खोल्यांत शिरू नये म्हणून मागे वेगळे बांधलेले स्वयंपाकघर ही त्यांची रचना हवामान ओळखून केलेली होती. तिला जिवंत ठेवणारा मात्र खानसामा, म्हणजे स्वयंपाक आणि पाहुण्यांची सरबराई दोन्ही पाहणारा माणूस, होता. पचमढीला कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी बांधलेले बायसन लॉज आज संग्रहालय झाले आहे, तर मेळघाटात सिपना नदीकाठच्या कोलकास येथे पर्यटकांना अजूनही मुक्काम करता येतो. यांपैकी दुसरी वाट अधिक मोलाची आहे, कारण राहत्या घराची कौले दर पावसाळ्यापूर्वी चाळली जातात, तर बंद घराला वाळवी गाठते. अशा वास्तूंना नव्या खोल्या, फरशा आणि दिवे चढवून रिसॉर्ट करण्याचा मोह शासनाने व खासगी मालकांनी टाळावा, खोल्या थोड्याच ठेवाव्यात आणि चुलीपासून चौकीदारीपर्यंतचे काम जवळच्या गोंड, कोरकू गावांतील माणसांकडे सोपवावे.